आधी मसारीला, मग एरीला

हुबळीच्या केशवापुरातून गदग रस्त्याला लागले, की रेल्वेची मुख्य कचेरी मागे पडते आणि पुढे अण्णिगेरीपर्यंत एरी, म्हणजे काळी जमीन, लागते. कापसाच्या वेचणीनंतरच्या दिवसांत संध्याकाळी त्या रस्त्याने जाऊन पाहावे. बांधावर रचलेल्या पऱ्हाटीचे ढीग एकामागून एक पेटलेले दिसतात.

पेटवणाऱ्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण पऱ्हाटी लवकर कुजत नाही, रानात ठेवली तर औताला अडते, आणि तिच्यावर राहिलेल्या बोंडांतून गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात उतरते. अळी रोखण्यासाठी पऱ्हाटी रानाबाहेर काढा, असे कृषी खातेही सांगते. १९७२ चा ‘वरलक्ष्मी’ आणि १९८१ चा ‘जयलक्ष्मी’ हे संकरित कापूस धारवाडच्याच संशोधन केंद्रातून देशभर गेले. वेचणी संपल्यावर त्या झाडाच्या लाकडाचे काय करायचे, हे मात्र ज्याचे त्याने पाहायचे, अशीच रीत राहिली.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला ‘बायोचार’, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, हे उत्तर जोरात सांगितले जाते. आमचे अनेक वाचक खड्डा खणून, ड्रम कापून कोळसा करू लागले आहेत. हा अंक त्यांच्यासाठी आहे. कोळसा करावा की नाही, हा वाद आता संपला आहे. कशाचा करावा आणि कोणत्या रानात घालावा, यावर मात्र आपण पुरेसे बोललेलो नाही.

आधी कशाचा, ते पाहू. ज्वारीचा कडबा, भुईमुगाचा पाला, हरभऱ्याचे भूस हा जनावराचा घास आहे, त्याला हात लावू नये. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या ऊसवाल्यांनी खोडव्यात पाचट आच्छादन म्हणून ठेवावे. तिथे ते पाणी राखते, तण दाबते आणि हळूहळू कुजून मातीतच जाते. खोडवा मोडणार असाल तरच त्याच्या कोळशाचा विचार करा. उरते ते पऱ्हाटी, तुराट्या, मिरचीची वाळलेली झाडे आणि दाणे काढलेली मक्याची कणसे. यातलेही घरच्या चुलीला लागते तेवढे आधी बाजूला काढावे. चुलीचे जळण कोळशासाठी वापरायचे आणि घरच्या बाईला लाकडासाठी हिंडवायचे, याला सुधारणा म्हणत नाहीत.

खड्ड्याची रीत अनेकांना ठाऊक आहे, तरी चुका त्याच त्याच होतात. पहिली चूक ओल्या काटक्यांची. दोन-तीन आठवडे कडक उन्हात वाळलेलीच पऱ्हाटी घ्यावी. धूर आला की काही तरी बिघडले असे समजावे. तळाशी जाळ करून थर थर टाकत जायचे. वरच्या थरावर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा थर. वरची ज्योत खालून निघणारा वायू जाळते आणि खालच्या थराला हवा मिळू देत नाही. लाकडाचा कोळसा होतो तो याच जागी. थर टाकायला उशीर झाला तर हाती राख येते. कोकणातल्या राबात राखच हवी असते, आपल्याला नको. शेवटी पाणी किंवा शेणाची रबडी ओतून विझवावे. नवलगुंदकडे पाणी महाग, तिथे मातीचा जाड थर चालेल. पण हवेला एकही भोक राहू देऊ नका आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उकरू नका. ओलसर ठेवूनच फोडा, कोरड्या कोळशाची धूळ छातीत जाते. कोळसा जमला की नाही, हे ओळखायची सोपी खूण अशी: बोटांत चुरडून हात नुसत्या पाण्याने धुवावा. काळे निघून गेले तर ठीक. तेलकट राहिले तर आत डांबर आहे, म्हणजे तो अर्धा कच्चा आहे.

आता हिशेब, जो उत्साहाच्या सभांत कोणी मांडत नाही. कोरडवाहू कापसाच्या एकरातून वाळलेली पऱ्हाटी साधारण टनभर निघते. तिच्या पाव वजनाएवढा कोळसा धरला तर अडीचशे किलो. प्रयोगांत हेक्टरी पाच टनांपासून पुढच्या मात्रा वापरल्या जातात, म्हणजे एकरी दोन टन. एका एकराला तेवढे द्यायचे तर आठ एकरांची पऱ्हाटी लागेल, नाही तर आठ वर्षे. म्हणून फेकून पसरण्याचा विचार सोडावा. हा कोळसा आंब्याच्या आळ्यात, मिरचीच्या सरीत, रोपवाटिकेच्या वाफ्यात घालण्याची वस्तू आहे. तोही कोरा घालू नये. कोरा कोळसा सुरुवातीला मातीतले नत्र स्वतःच धरून बसतो आणि पीक पिवळे पडते. शेणखतात किंवा शेणकाल्यात दोन-तीन आठवडे मुरवून मगच द्यावा.

मग कोणत्या रानात? हुबळी-धारवाड डोंगराळ मलनाड आणि सपाट बयलुसीमेच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेला कलघटगी, अळणावरकडे पाऊस जास्त आणि जमीन तांबडी, म्हणजे मसारी. तिथे पाणी आणि खत लवकर निचरून जाते, अनेक ठिकाणी माती आम्लधर्मी आहे. पूर्वेला एरी: चुनखडीची, बहुधा आठच्या वर सामू असलेली, पाणी धरून ठेवणारी. पऱ्हाटीच्या कोळशात राखेचा अंश असतो आणि तो स्वतः अल्कधर्मी असतो. मसारीला तो दुहेरी लागू पडतो, कारण आम्लता उतरते आणि ओल टिकते. एरीला मुळात या दोन्हींची गरज कमी. तिथे मोठी मात्रा दिली तर जस्त, लोह, स्फुरद पिकाला मिळणे आणखी अवघड होईल. विचित्र योग असा की पऱ्हाटी एरीत पिकते आणि कोळसा हवा मसारीला. तरीही आमचे मत स्पष्ट आहे: आधी मसारी. एरीवाल्याने आधी मातीचा सामू तपासावा आणि मगच थोड्या जागेवर, खतात मुरवून करून पाहावे.

अर्थात, केलेला कोळसा मातीतच जाईल असे नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याची पद्धत बसवली आणि २००२ साली तिला ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा जमिनीत घालण्यासाठी नव्हता. त्याच्या विटा करून चुलीत जाळायच्या होत्या. यात शिकण्यासारखे आहे. लोणारी कोळशाला बाजारात गिऱ्हाईक आहे, मातीच्या बायोचारला अजून नाही. कष्ट तेच असताना शेतकरी कोळसा विकेल की मातीत पुरेल, हे त्याच्या खिशावर ठरेल आणि त्यात गैर काही नाही.

पुरणाऱ्याला मोबदला देऊ म्हणणारे आता येऊ लागले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी बायोचारच्या एक लाख टन कार्बन क्रेडिटचा करार केला. त्यातला कच्चा माल गुजरातेतली वेडी बाभूळ आहे. सत्तर टक्के कार्बन असलेला एक टन कोळसा सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइडइतका धरला जातो. पण हे पैसे वजन, तापमान आणि कोळसा कुठे घातला याच्या नोंदींवर मिळतात, आश्वासनांवर नाही. एकट्या शेतकऱ्याला तो व्याप झेपणार नाही, गावाच्या गटाला झेपेल. दारात कोणी कागद घेऊन आला, तर क्रेडिट कोणाच्या नावावर राहणार आणि पैसे कधी मिळणार, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका.

या हंगामात ज्यांनी खड्डा पेटवला, त्यांना एक विनंती आहे. शेजारी बिनकोळशाचा एक पट्टा राखा, बाकी सगळे सारखे ठेवा. पऱ्हाटीचे वजन, कोळशाचे वजन, मातीचा सामू आणि दोन्ही पट्ट्यांचे उत्पन्न, एवढे चार आकडे दिवाळीनंतर आम्हाला कळवा. फसलेले प्रयोगही कळवा. ते आम्ही आधी छापू.