तीन चौरस किलोमीटर समुद्र

पाण्याखाली अंगठा वर केला की ‘छान चाललंय’ असा अर्थ होत नाही, ‘मला वर ने’ असा होतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा. होडीत हे दोनदा सांगितलं होतं, मी दोन्ही वेळा मान डोलावली होती. तरी खाली गेल्यावर पहिला मासा दिसताच खुशीत अंगठा वर केला आणि माझ्या प्रशिक्षकाने गुमान मला उचलून वर आणलं. होडीतल्या बाकीच्यांना वाटलं, पेठेचे चाचा घाबरले. घाबरलो नव्हतो असंही नाही.

गेल्या डिसेंबरात मुलीच्या हट्टाने आम्ही मालवणला गेलो होतो. पेठहून सावळघाट ओलांडून नाशिक, तिथून मुंबई, मग कोकण रेल्वेने कुडाळ. घरून निघताना खरी चर्चा समुद्राची नव्हतीच, कपड्यांची होती. मुलीची अम्मी म्हणाली, ते डायव्हिंग वगैरे ठीक आहे, पण घालायचं काय? तिथे गेल्यावर कळलं की मानेपासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा रबरी पोशाख सगळ्यांनाच देतात, बाईला, बाप्याला, मुंबईच्या कॉलेजकन्येला आणि आमच्या मुलीलाही. तिने आतून डोक्याला घट्ट स्कार्फ बांधला, कुणी काही विचारलं नाही. कपड्यांचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. पोहता येत नाही, हा प्रश्न मात्र राहिलाच. हजरत उमर यांच्या नावावर एक गोष्ट आपल्या घरांत नेहमी सांगतात, मुलांना पोहायला शिकवा म्हणून. सांगतो सगळे, मुलीला विहिरीवर नेतो किती जण? मीही नेलं नाही. पर्यटकांच्या या छोट्या बुडीत पोहता न येणारेही चालतात, कारण प्रशिक्षक पाठीवरची टाकी धरून असतो. ती सोय आहे, पण तिला डायव्हिंग म्हणायला जीभ रेटत नाही.

मालवणच्या बंदरातून समोर दिसतो तो सिंधुदुर्ग किल्ला. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचं बांधकाम सुरू झालं आणि तीन वर्षांत पुरं झालं. त्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. खाऱ्या पाण्याच्या मधोमध आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या काही पाड्यांवर बाया कपारीला पाय लावत कोरड्या विहिरीत उतरतात आणि वाटीने पाणी भरतात. तिथून आलेला माणूस या विहिरींपाशी जरा जास्त वेळ उभा राहतो. पेठेत पाऊस कमी नाही. तो आमच्या डोंगरावरून दमणगंगेत आणि पार नदीत जातो, म्हणजे शेवटी याच अरबी समुद्रात. आमच्याकडे तो थांबत नाही, एवढंच.

तिथे एक कथा सांगतात. किल्ल्यासाठी बेट महाराजांना इथल्या दर्यावर्दी कोळ्यांनी सुचवलं आणि त्याबद्दल त्यांना गावं इनाम मिळाली. कथेचा कागदी पुरावा काय असेल तो असो, मला त्यातली एक गोष्ट पटते. खडक कुठे, प्रवाह कसा, होडी कुठून जाते, हे ज्याला ठाऊक त्यालाच विचारलं. याच महाराजांच्या आरमारात दौलतखान होते. तिथेही माणसाची पारख पाण्यावरच झाली असणार.

किल्ल्याच्या बाजूच्या पाण्यातच आमची बुडी होती. खाली जाताना कान दुखतात. नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, की कान मोकळे होतात. दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. आम्ही तेवढेही खोल गेलो नव्हतो, तरी छातीला ते जाणवतं. श्वास रोखायचा नाही, हा पहिला नियम. खाली लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो. मुलीच्या हातातला लाल धागा मला तपकिरी दिसला. मग प्रवाळ. वरून दगड वाटतो, पण तो दगड नाही, सुईच्या टोकाएवढ्या तोंडांच्या प्राण्यांची वसाहत आहे, आणि त्यांच्या अंगात राहणारं शेवाळ त्यांना अन्न देतं. पाणी फार तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पायाखाली ते जिवंत आहे हे समजल्यावर पाय कुठे ठेवावा ते कळेना. माझ्या शेजारचा गृहस्थ मात्र सरळ त्यावर उभा राहिला होता, फोटोसाठी.

आणि पाव. प्रशिक्षकांपैकी एकाने पिशवीतून पावाचे तुकडे काढले आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा आमच्या तोंडासमोर आला. कॅमेरा चालू होता. पाव हे माशाचं अन्न नव्हे. जो मासा प्रवाळावरचं शेवाळ कुरतडून ते स्वच्छ ठेवतो, तो पावाला सोकावला की त्याचं काम कोण करणार? पण पाव नसेल तर मासे जवळ येत नाहीत, मासे नसतील तर फोटो नाही, फोटो नसेल तर गिऱ्हाईक पैसे मागे मागतं. दोष मुलाचा किती, माझ्यासारख्या गिऱ्हाइकाचा किती, याचा हिशेब करायला हवा.

परत येताना होडीत त्याच मुलाशी बोललो. गाबीत घरातला, विशीतला. वडील रापण ओढतात. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धवर्तुळ करून सोडलेलं लांब जाळं, किनाऱ्यावरून वीस-पंचवीस-तीस माणसं दोन्ही टोकं ओढतात आणि मिळेल ते वाटून घेतात. तो म्हणाला, हा सगळा अभयारण्याचा भाग आहे. मी विचारलं, हद्द कुठे? तो हसला. “रेघ खंय आसा? पाण्यार दिसता काय तुमका?”

ती रेघ १३ एप्रिल १९८७ ची आहे. त्या दिवशी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्या भोवतालचा ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. मच्छीमारांचा विरोध पहिल्यापासून. आम्हाला विश्वासात घेतलं नाही, ही त्यांची तक्रार. आज जवळजवळ चाळीस वर्षं होत आली, तरी मालवणात अभयारण्य हा शब्द काढला की आवाज चढतो.

मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. पेठेत आम्ही बाजारपेठेतले दुकानदार मुसलमान, आमच्याकडे मीठ-मिरची घ्यायला येणारे बहुतेक कोकणा आणि वारली. कोणाची नागली, कोणाची वरई वनखात्याच्या जमिनीवर आहे आणि कोणाचा दावा कुठल्या टेबलावर अडकला आहे, हे गल्ल्यावर बसून लहानपणापासून ऐकत आलो. ज्यांचे आजे-पणजे त्या डोंगरावर आवणी करत होते, त्यांना एका सकाळी सांगितलं गेलं की तुम्ही अतिक्रमण केलं आहे. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला, तरी मार्च २०१८ मध्ये आमच्या भागातली माणसं अनवाणी पायांनी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली. पायांना आलेले फोड तेव्हा टीव्हीवर दिसले होते. पण त्या कायद्याने निदान एक गोष्ट मान्य केली आहे, की जंगल राखण्याचा हक्क आणि जबाबदारी ग्रामसभेकडे असू शकते. समुद्रासाठी असा कायदा आपल्याकडे नाही. रापणीवाल्याचा समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर आहे, पण त्याच्याकडे दावा टाकायला कागदच नाही.

आता एक लांबची गोष्ट, कारण ती जवळची आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला ॲरन नावाचं बेट आहे. तिथे किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंत तळ खरवडणाऱ्या बोटींना बंदी होती, ती १९८४ मध्ये उठली. मग शिंपले काढण्यासाठी लोखंडी दात्यांचे पिंजरे तळावरून ओढले जाऊ लागले आणि काही वर्षांत मासा आटला. त्या बेटावर राहणारे दोन हौशी डायव्हर होते, हॉवर्ड वूड आणि डॉन मॅकनीश. पाण्यात उतरायचा छंद, त्यामुळे तळाची नासधूस त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मॅकनीशने न्यूझीलंडमध्ये मासेमारीला बंद ठेवलेला समुद्राचा तुकडा पाहिला होता. १९९५ मध्ये दोघांनी बेटावरच्या लोकांची एक संस्था सुरू केली. खाली जाऊन चित्रीकरण करायचं, ते गावात दाखवायचं, सरकारला लिहायचं, नकार घ्यायचा, पुन्हा लिहायचं. तेरा वर्षं. सप्टेंबर २००८ मध्ये लॅमलॅशच्या उपसागरातला २.६७ चौरस किलोमीटर समुद्र मासेमारीला पूर्ण बंद झाला. पुढे यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथला तळ मोजला, तेव्हा शिंपले वाढलेले होते आणि शेवंडेही मोठे होते. २०१५ मध्ये वूड यांना पर्यावरणाचं गोल्डमन पारितोषिक मिळालं.

२.६७ आणि ३.१८. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. आपला गाभा त्यांच्यापेक्षा मोठा आहे आणि एकवीस वर्षं जुना आहे. तरी तिथे रेघ लोकांच्या डोक्यात आहे आणि आपल्याकडे राजपत्रात. त्यांची रेघ मागणारे पाण्याखालून वर आले होते, आपली रेघ कचेरीतून खाली आली.

यावर कुणी म्हणेल, गोऱ्यांचं उदाहरण देऊ नका, त्यांची पोटं भरलेली आहेत. अर्धं खरं आहे. ॲरनचे ते दोघे मासेमारीवर जगत नव्हते. मालवणच्या रापणीवाल्याला समुद्र बंद करा म्हणणं म्हणजे चूल बंद करा म्हणणं. पण एक बदल आपल्या डोळ्यांसमोर झाला आहे आणि त्याची नोंद फार कमी लोक घेतात. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था उभी राहिली, तिथून आणि तिच्याबाहेरही शिकून मच्छीमार घरांतली मुलं प्रशिक्षक झाली. बापाने समुद्र वरून वाचला, मुलगा तो खालून वाचतो. कुठलं प्रवाळ मागच्या वर्षी होतं आणि यंदा नाही, हे त्याला कुठल्याही अधिकाऱ्याआधी कळतं. ॲरनला असे दोघे होते, मालवणला निदान काही डझन असतील.

अभयारण्य रद्द करा, असं मी म्हणत नाही, कारण मग ट्रॉलरवाल्यांचंच फावेल. त्या मुलालाही ट्रॉलर नकोच आहेत. “रात्री येतत, सगळा ओढून नेतत,” तो म्हणाला. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, तेही इथल्या पारंपरिक मच्छीमारांच्या लढ्यामुळे. म्हणजे समुद्र राखायची इच्छा त्यांच्यात नाही, हे खोटं आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या तीन चौरस किलोमीटरची राखण रापणसंघांच्या आणि या मुलांच्या हाती द्या. तळाची मोजणी त्यांनी करावी, तिचा पगार त्यांना मिळावा. कुठे होडी नांगरायची, एका वेळी किती पर्यटक उतरवायचे, हे त्यांच्या सभेत ठरावं. आणि पाव बंद करायचा की नाही, हेही तिथेच ठरू दे. वनखात्याने हवं तर मागच्या बाकावर बसावं. ही मुलं चुका करणार नाहीत असं नाही, पावाची पिशवी त्यांच्याच हातात होती. पण ज्याची पोळी त्या तळावर भाजते त्याला समजवायला एक हंगाम पुरेल. आजपर्यंतच्या पद्धतीने चाळीस वर्षांत काय झालं, ते समोर आहे.

दुसऱ्या दिवशी मुलगी एकटीच पुन्हा उतरली. मी होडीत बसलो, कान अजून दुखत होते. उतरण्याआधी ती त्याला म्हणाली, भाईजान, पाव नको. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवी फळीखाली सरकवली आणि म्हणाला, “फोटो चांगलो येवचो नाय हां.”

नाही आला. त्यात दोनच मासे आहेत, तेही पाठमोरे.