खर्चाचं अ‍ॅप निवडताय? भोर-वेल्ह्याचा हिशोब वेगळा आहे

प्ले स्टोअरवर 'आपोआप हिशोब' ठेवणारी अ‍ॅप्स भरपूर आहेत. बँकेचे एसएमएस वाचायचे, त्यातली रक्कम उचलायची आणि महिन्याचा तक्ता मांडायचा, एवढंच त्यांचं काम. पुण्यात पगारावर असलेल्याला ते चालेल. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या शेतकरी घराला मात्र मी ती सुचवणार नाही.

एक तर मेसेजच कमी झालेत. जून २०२४ मध्ये एचडीएफसी बँकेनं १०० रुपयांखालच्या यूपीआय खर्चाचे एसएमएस बंद केले. म्हणजे चहा-वडापाव अ‍ॅपला दिसतच नाही. भात लावणीची रोख मजुरी आणि किराणा दुकानातली उधारी तर कुठल्याच मेसेजात येत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. ही अ‍ॅप्स महिन्याच्या चौकटीत विचार करतात. आपल्याकडे दुधाचं बिल दहा दिवसांनी, लाडकी बहीणचे १,५०० येतील तेव्हा आणि भाताचे पैसे दिवाळीच्या पुढे-मागे. बियाणं, खत, मजुरी मात्र जून-जुलैत एकदम. अ‍ॅप जूनमध्ये लाल रंग दाखवतं आणि भात विकला की शाबासकी देतं. दोन्हीला अर्थ नाही. त्यात सोसायटीचं पीककर्ज असेल, तर ३ लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज मुदतीत फेडलं तरच. भाताचे पैसे हातात येतात तेव्हाच ही रक्कम बाजूला दिसली पाहिजे, आणि तेच महिन्याच्या तक्त्यात दिसत नाही.

फुकट अ‍ॅपचं पोट कशावर भरतं, हेही बघा. खर्च नोंदवणारं 'वॉलनट' २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीनं घेतलं. अमेरिकेतलं नावाजलेलं 'मिंट' तर मार्च २०२४ मध्ये बंदच झालं. त्यामुळे नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येत नसतील, तर ते अ‍ॅप घेऊच नका.

माझी पसंती साध्या गूगल शीट्सला. तारीख, कशासाठी, आले, गेले, उधारी असे पाच रकाने करा आणि बेरीज जून ते मे अशी वर्षाची ठेवा. फाइल ऑफलाइन करून ठेवली की रेंज नसतानाही नोंद होते. घरी कॉम्प्युटर असेल तर 'ग्नूकॅश' फुकट आहे, पण त्याची जमा-नावे पद्धत शिकायला आठवडाभर तरी जाईल. कर्जाची मुदत तेवढी फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या आठवणीसह टाका.