रडकथेचा शिक्का

मराठीत स्त्रियांच्या कथेवरचा आरोप जुना आहे आणि त्याची भाषाही फारशी बदललेली नाही. बायका लिहितात ते घरचेच. सासर-माहेर आळवायचे, जुन्या आठवणी उकरायच्या, डोळ्यांना पदर लावायचा, की झाली कथा! जरा सभ्य समीक्षक हेच ‘अनुभवविश्वाच्या मर्यादा’ असे म्हणून सांगतो. त्यात भालचंद्र नेमाड्यांनी लघुकथेलाच क्षुद्र ठरवले, तेव्हा बाईच्या हातची कथा आपोआप दुप्पट क्षुद्र झाली.

या पूर्वपक्षात तीन मुद्दे आहेत. परीघ लहान, सूर रडका आणि आठवणीला कलेचे रूप नाही. तिन्ही तपासून पाहण्याजोगे आहेत, कारण ते मांडणाऱ्यांनी ते क्वचितच तपासले आहेत.

आधी परीघ. १९३३ साली ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले. लेखिका विभावरी शिरूरकर. ही विभावरी कोण, यावर महाराष्ट्रभर तर्क लढवले गेले आणि पुस्तकावर गदारोळ उठला. टोपणनावाआड होत्या मालतीबाई बेडेकर, तेव्हाच्या बाळूताई खरे. त्या शिक्षिका होत्या. शिकून नोकरीला लागलेल्या पहिल्या पिढीतल्या मुली त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. या संग्रहातली ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ही कथा वाचावी. थोरल्या मुलीच्या पगारावर घर चालते आहे, आणि म्हणूनच तिच्या लग्नाची कुणाला घाई नाही. यात चूल आहे, पण चुलीखालचे जळण कुणाच्या पैशाचे, हा हिशेबही आहे. स्त्रीशिक्षणाचे गोडवे गाणाऱ्या सुधारकी घरात मिळवत्या मुलीचे काय होते, हे त्या काळच्या किती व्याख्यानांतून ऐकू आले? पुस्तकावर लोक चिडले ते त्यात रडणे होते म्हणून नव्हे. घराचा जमाखर्च चव्हाट्यावर आला, हे दुखणे होते.

आणि याच मालतीबाई सोलापूरच्या वसाहतीत काम करून आल्या. इंग्रज सरकारने कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तिथे तारेच्या कुंपणाआड ठेवले जाई. त्यातून १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी आली. ज्या लेखिकेचा परीघ माजघरात संपतो असे सांगितले जाते, ती कुंपणापलीकडे गेली होती. तिथवर मराठीतले नामवंत पुरुष लेखक तरी कितीजण पोचले?

आता रडका सूर. उर्मिला पवार यांच्या ‘कवच’ या कथेत आई कोकणातल्या बाजारात आंबे विकते. गिऱ्हाइके आंब्यांच्या आडून तिच्याविषयी द्व्यर्थी बोलतात. तिचा शाळकरी मुलगा गौऱ्या हे ऐकतो आणि शरमेने आत आत जळत राहतो. रडायला यापेक्षा सोयीची जागा कोणती? पण आई रडत नाही. ते बोलणे ती त्यांच्याच भाषेत परतवून लावते. लाज वाटते ती मुलाला. बाईच्या अब्रूचे ओझे घरातले पुरुष लहानपणापासूनच आपल्या डोक्यावर कसे घेतात आणि ती मात्र पोटासाठी उघड्या बाजारात कशी उभी राहते, हे कथेने एकाही उपदेशाविना दाखवले. ही कथा कुणाकडे दया मागत नाही.

याच कथेत तिसऱ्या आक्षेपाचेही उत्तर आहे. आठवण जशीच्या तशी उतरवली की कथा होते, हा समज असेल तर ‘आयदान’ शेजारी ठेवून पाहावे. उर्मिला पवारांचे हे आत्मकथन २००३ चे. त्यात नवऱ्यामागे बांबूच्या टोपल्या विणून मुलांना वाढवणारी आई आहे. ‘सहावं बोट’ हा त्यांचा कथासंग्रह मात्र १९८८ चा, म्हणजे पंधरा वर्षे आधीचा. कथाकार उर्मिला पवार आपल्या आईची नक्कल करत नाहीत. ‘कवच’मध्ये त्यांनी नजर मुलीकडून काढून मुलाकडे दिली आणि सगळी कथा या एका निवडीवर उभी केली. याला कारागिरी म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? मीनाक्षी मून यांच्याबरोबर १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक करताना त्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या तोंडून त्यांच्या आठवणी मिळवल्या. आठवण हा पुरावा कुठे आणि कथेचा ऐवज कुठे, याची त्यांच्याइतकी जाण असलेले लेखक थोडेच.

ज्यांना वास्तवाच्या पलीकडचे हवे, त्यांच्यासाठी कमल देसाई आहेत. १९७५ मधल्या ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’ या पुस्तकातल्या दोन दीर्घकथांना कौटुंबिक म्हणून दाखवावे, म्हणजे समीक्षकाची ताकद कळेल.

पूर्वपक्षातले जे खरे आहे ते मान्य करायला हवे. मासिकांत आणि दिवाळी अंकांत एकाच साच्यातून काढलेल्या कथांचा रतीब वर्षानुवर्षे पडला. शिवाय पांढरपेशा लेखिकांच्या कितीतरी कथांत मोलकरीण भांडी घासून निघून जाते, तिला नावही नसते. ही उणीव आरोप करणाऱ्यांनी दाखवली नाही; दलित लेखिकांनी लिहून दाखवली. आणि साचा म्हणाल, तर फडके-वळणाच्या प्रणयकथांनीही भरपूर कागद खाल्ला. म्हणून पुरुषांच्या कथेचा परीघ बागेतल्या बाकापुरता, असा निकाल कुणी दिला नाही.

नवकथेचे नाव निघाले की गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर ही चौकडी पाठ म्हटली जाते. तिच्याआधी ‘दीपकळी’ (१९३४), ‘दीपदान’ (१९४०) आणि ‘मोळी’ (१९४६) हे संग्रह देणाऱ्या कुसुमावती देशपांडे त्या पाठात बसत नाहीत. १९६१ साली ग्वाल्हेरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. या पदावर बसलेली ही पहिली स्त्री, आणि ती कथालेखिका होती.

तेव्हा एवढीच मागणी आहे. यापुढे ज्याला ‘बायकांच्या रडकथा’ म्हणायचे असेल त्याने लेखिकेचे नाव सांगावे, कथेचे नाव सांगावे आणि रडणे कुठल्या पानावर आहे तेही दाखवावे.