गाळातला मारेकरी आणि करवंटीचा कोळसा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यू बेडफर्ड नावाचं बंदर आहे. विजेचे कपॅसिटर बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यांतून १९४०च्या दशकापासून १९७०च्या दशकापर्यंत पीसीबी हे रसायन पाण्यात जात राहिलं आणि तळाच्या गाळात मुरलं. १९७९ मध्ये तिथल्या मासेमारीवर निर्बंध आले. १९८३ मध्ये बंदर ‘सुपरफंड’च्या, म्हणजे सफाईला अग्रक्रम असलेल्या जागांच्या यादीत गेलं.

पण अशा गाळात पीसीबी एकटं नसतं. तांबं, शिसं, तेलाचे अंश, अमोनिया, सगळं एकत्र कालवलेलं असतं. प्रयोगशाळा प्रत्येकाचं प्रमाण सांगते. त्यातलं नेमकं कोण जीव घेतंय, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यावर वजाबाकीचा मार्ग काढला. एकाच गाळाचे वाटे वेगवेगळ्या बरण्यांत भरायचे. एका बरणीत नारळाच्या करवंटीच्या कोळशाची बारीक पूड कालवायची. पीसीबीसारखी सेंद्रिय रसायनं कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांना चिकटतात. ती गाळातच राहतात, पण जिवाच्या अंगी लागत नाहीत. दुसऱ्या बरणीत अमोनिया धरणारं झिओलाइट, तिसरीत धातू पकडणारं रेझिन, आणि एक वाटा तसाच ठेवायचा. मग प्रत्येकीत अ‍ॅम्पेलिस्का सोडायचे. हा कोळंबीच्या गणगोतातला इवलासा प्राणी चिखलात नळीसारखं घर करून राहतो, म्हणून गाळाचं विष त्याला चुकवता येत नाही. नुसत्या गाळात ते मेले आणि कोळशाच्या बरणीत तगले, तर संशयाची सुई सेंद्रिय रसायनांकडे वळते. कोळसा काही धातूही थोडेफार धरतो, म्हणून सगळ्या बरण्यांचे निकाल शेजारी मांडूनच निष्कर्ष काढायचा. स्वच्छ गाळात कोळसा घालूनही पाहायचं, म्हणजे पुडीनेच जीव गेला नाही ना, याची खात्री होते.

करवंट्या कोकणातही घरोघर निघतात आणि विषारी गाळाचा प्रश्नही लांबचा नाही. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. काठावर ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा, चिखलात चरणारे रोहित पक्षी, आणि त्याच पाण्यावर पोट असलेले कोळी. तरीही गाळ उपसण्याची चर्चा निघाली की पहिला प्रश्न असतो: किती टन? तो गाळ कुठे टाकणार आणि तिथल्या कालवांचं, खेकड्यांचं काय होणार, हे नंतर. उपशाच्या प्रत्येक निविदेत आधी विषारीपणाची चाचणी आणि विषाचा शोध, या दोन्ही अटी असायलाच हव्यात. धातूचं विष आणि पीसीबीचं विष यांवरचे उपाय वेगळे असतात, आणि आधी कळलं तर पैसा योग्य जागी जातो. चाचणीचा जीवही इथल्याच खाडीतला निवडावा, आणि निकाल कोळीवाड्यात मराठीतून लावावेत.