नोंदणीचं साल म्हणजे जन्मसाल नव्हे

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आणि महाराष्ट्रभर लोकांनी जुनी आरसी बुकं धुंडाळायला घेतली. ऑनलाइन अर्जात चॅसी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे भरायचे होते. बुकातली शाई उडालेली असेल, तर मोबाइलचा टॉर्च लावून गाडीखाली वाकण्याला पर्याय नव्हता. भाईंदर पूर्वेचं खारी हे आज महापालिकेत विरघळलेलं जुनं गाव. अशा गावातल्या पडवीत एखादी राजदूत किंवा बुलेट ताडपत्रीखाली उभी असते आणि घरात तिचं वय ठरलेलं असतं : ‘आजोबांची गाडी, बासष्टची.’

हे ‘बासष्ट’ बहुतेक वेळा आरसी बुकातून आलेलं असतं, म्हणजे ते नोंदणीचं साल. गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली, हा प्रश्न वेगळा. कायद्याने मात्र या दोन तारखांची सरमिसळ करून ठेवली आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राहिलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्या त्यात येतात. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,००० आणि मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर आणायची. नियम स्वागतार्हच आहेत, कारण त्यांनी जुन्या यंत्रांना भंगाराच्या ढिगातून वेगळं काढलं. पण वय मोजायची पट्टी त्यांनी कारखान्याच्या दारात न लावता आरटीओच्या खिडकीत लावली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस मोटरसायकली ‘डिस्पोजल’मध्ये विकल्या गेल्या. त्यांची मुलकी नोंदणी झाली ती लष्कराने सोडल्यावर, म्हणजे यंत्राच्या आयुष्याची काही वर्षं कागदाआधीच सरलेली. नंबरप्लेटही मदत करत नाही. राज्याची अक्षरं आणि कार्यालयाचा आकडा ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असत. त्यामुळे एमएच-०४ पाहून गाडी ठाण्यात नोंदली गेली एवढं कळतं, ती कधी बनली हे नाही.

मग विचारायचं कोणाला? आधी गाडीलाच. फ्रेमवरचा आणि इंजिनवरचा नंबर वाचायचा. ट्रायम्फ आणि बीएसए यांनी १९६९ च्या मॉडेलपासून नंबराआधी दोन अक्षरं ठोकायला सुरुवात केली : पहिलं महिन्याचं, दुसरं वर्षाचं. ‘ए’ म्हणजे जानेवारी. पण वर्षाचं अक्षर हंगामाचं होतं आणि हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होई. त्यामुळे सप्टेंबर १९६८ मध्ये बनलेल्या गाडीवरही १९६९ चं अक्षर सापडतं. त्याहून गमतीची हार्ले-डेव्हिडसन. तिच्या महायुद्धाच्या काळातल्या इंजिन नंबराचे पहिले दोन आकडे साल सांगत. पण अमेरिकी लष्करासाठी बनलेल्या डब्ल्यूएलए मॉडेलवर १९४२ नंतर युद्ध संपेपर्यंत ‘४२’ च ठोकत राहिले. अशी गाडी दाखवून कोणी छातीठोकपणे ‘बेचाळीसची’ म्हणाला, तर तो खोटं बोलत नसतो आणि खरंही बोलत असेलच असं नाही.

म्हणून एका साक्षीदारावर भागत नाही. लुकास कंपनीच्या मॅग्नेटो आणि डायनामोवर महिना-वर्षाचे बारीक आकडे ठोकलेले असत. ते फ्रेमच्या नंबराशी जुळले तर चांगलं; पाच वर्षांचा फरक निघाला, तर भाग बदललाय हे उघड. ब्रिटिश गाड्यांचा शेवटचा दाखला कारखान्याच्या डिस्पॅच वहीत मिळतो. बीएसए, ट्रायम्फ अशा मेकच्या वह्या १९४६ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबने जपल्या आहेत. नंबर दिला की गाडी कोणत्या दिवशी, कोणत्या डीलरकडे रवाना झाली हे शोधता येतं.

देशी गाड्यांबाबत मात्र अंधार आहे. ओळख क्रमांकात उत्पादनाचा महिना असलाच पाहिजे, ही सक्ती केंद्रीय मोटार वाहन नियमांत आली १९९३ च्या दुरुस्तीने. त्याआधीची बुलेट, जावा, राजदूत त्यातून सुटलेल्या. शिवाय पन्नासच्या दशकात मद्रासला बनू लागलेल्या बुलेटचा तोंडवळा पुढची कित्येक दशकं फारसा बदललाच नाही, त्यामुळे नुसत्या नजरेने वय सांगणाऱ्या जाणकारापासून चार हात लांब राहावं. टाकीवरच्या नावाचाही भरवसा नको. सत्तरच्या दशकात म्हैसूरच्या कारखान्याने ‘जावा’ सोडून ‘येझदी’ नाव घेतलं खरं, पण टाकी बदलायला किती वेळ लागतो? ‘बॉबी’ चित्रपटात ऋषी कपूरने चालवलेली राजदूत जीटीएस आता पन्नाशी ओलांडते आहे आणि तिचे भाव चढताहेत. भाव चढले की जुन्या कागदांवर दुसरीच गाडी उभी करणारे आणि नंबर नव्याने पंच करणारे आलेच. आरटीओत चॅसी नंबरचा पेन्सिलने छाप घेतात. छापातला आकडा आरसीशी जुळतो का, एवढंच त्यातून समजतं; तो आकडा कोणत्या साली ठोकला, याचं उत्तर तिथे नसतं.

ब्रिटनच्या डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याने यावर साधी वाट काढली आहे : मान्यताप्राप्त क्लबने गाडी तपासून दिलेलं तारखेचं पत्र सरकार ग्राह्य धरतं. महाराष्ट्राला हे अवघड नाही. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, जावा-येझदीवाल्यांचे गट मुंबई-पुण्यात आहेत. परिवहन आयुक्तालयाने अशा संस्थांना तपासणीचे निकष ठरवून द्यावेत आणि त्यांच्या पत्रावर आरसीत ‘उत्पादन वर्ष’ व ‘पहिली नोंदणी’ असे दोन स्वतंत्र रकाने भरावेत. पुरावा नसेल तिथे उत्पादनाचा रकाना कोरा ठेवावा. अंदाजाचं साल भरण्यापेक्षा ते प्रामाणिक.

त्याहून घाईचं काम कारखान्यांच्या आणि आरटीओच्या जुन्या वह्यांचं आहे. म्हैसूरची आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली. राजदूत बनवणारी एस्कॉर्ट्स दुचाकीच्या धंद्यातून केव्हाच बाहेर पडली. लॅम्ब्रेटा बनवणारी मुंबईची एपीआयही त्या धंद्यात उरली नाही. त्यांच्या उत्पादनाच्या नोंदी जिथे कुठे शिल्लक असतील तिथून मिळवाव्यात, आणि ठाण्यासारख्या कार्यालयांतली १९८९ पूर्वीची नोंदणी रजिस्टरं स्कॅन करून राज्य पुराभिलेखागाराकडे सोपवावीत. ‘व्हीए’ नोंदणीच्या २०,००० रुपयांतला काही वाटा या कामासाठी राखून ठेवता येईल.