साखरेला सुट्टी? जरा थांबा...!

मागच्या महिन्यात मेसच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. 'पुढील सत्रापासून चहा, शिरा, खीर व सरबत यांत साखरेऐवजी मध वापरण्याचा विचार आहे. सूचना मेस कमिटीकडे द्याव्यात.' खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'आधी पोळ्या गोल करा!' त्याखाली दुसऱ्याने, 'आणि डाळीत डाळ घाला!' नेहमीप्रमाणे सगळे हसले आणि ताटं घेऊन रांगेत लागले.

मी मात्र हसू शकलो नाही. कारण हा प्रयोग माझ्या घरी आधीच होऊन गेलाय, आणि तो मीच केला होता.

आमच्या आण्णांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. बिनसाखरेचा चहा प्यायचे, पण तोंड वाकडं करून. फर्स्ट इयरच्या दिवाळीला मी घरी जाताना मधाची एक मोठी बाटली घेऊन गेलो. 'आण्णा, हे नैसर्गिक आहे. साखरेसारखं नाही. चालतं तुम्हाला.' इंजिनिअरिंगला गेलेला पोरगा सांगतोय म्हटल्यावर आण्णांनी मानलं. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे मध. आईने विचारलं तर 'पोरानं आणलंय' म्हणायचे. तीन महिन्यांनी तपासणी झाली. एचबीएवनसी ७.१ वरून ८.६ वर गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, 'नवीन काय सुरू केलंत?' आण्णा म्हणाले, 'काही नाही.' माझं नाव त्यांनी घेतलं नाही. हे मला नंतर आईकडून कळलं.

त्या रात्री मी जो हिशोब आधी करायला हवा होता तो केला. एक चहाचा चमचा साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम. तोच चमचा मध म्हणजे साधारण ७ ग्रॅम, कारण मध पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. मधात सतरा-अठरा टक्के पाणी आणि बाकी बहुतेक सगळी साखरच. म्हणजे चार कप, आठ चमचे, ५६ ग्रॅम मध, त्यात पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास साखर. रोज! वजनाला वजन घेतलं तर मधात उष्मांक कमी आहेत (१०० ग्रॅमला सुमारे ३००, साखरेत सुमारे ३९०), पण चहात आपण वजन करून घालत नाही, चमच्याने घालतो. आणि चमच्याला चमचा घेतला तर मधच पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात मधसुद्धा त्याच यादीत धरलाय. रोजच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी, म्हणजे २००० उष्मांक घेणाऱ्याला ५० ग्रॅमच्या आत. आमचे आण्णा निव्वळ चहात तिथपर्यंत पोचले होते, तेही माझ्या कृपेने.

तेव्हा पहिला मुद्दा असा, की 'आरोग्यासाठी' हे कारण देऊन साखर काढून मध आणायचा असेल, तर ते कारणच टिकत नाही. आपल्या होस्टेलवर आणि स्टाफमध्येही मधुमेह असलेले लोक आहेत. 'आता चहात मध आहे, बिनधास्त प्या' असं त्यांना कुणी सांगितलं, तर त्याचं पाप कमिटीवर.

पण मित्रांनो, याचा अर्थ मी मधाच्या विरुद्ध आहे असा मुळीच नाही. उलट आहे! माझा मामा जावळी खोऱ्यात मधपेट्या ठेवतो. सातेरी माश्या, आपल्या सह्याद्रीतल्याच. मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो तेव्हा आण्णांची हकीकत सांगितली. मामा थोडा वेळ गप्प बसला. मग आतून तीन बाटल्या घेऊन आला. 'ह्यो जांभळाचा. ह्यो हिरड्याचा. आन् ह्यो कारवीचा, जपून ठिवलाय, दरसाल येत न्हाय त्यो.' तिन्हीतला एकेक थेंब तळहातावर दिला. जांभळाचा काळपट, जराशी तुरट-कडवट शेवट असलेला. हिरड्याचाही गडद, पण चव वेगळी. कारवीचा दाट. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे तो मध म्हणजे एखाद्या बॅचला कॉलेजच्या चार वर्षांत दिसेलच असं नाही! मामा म्हणाला, 'आरं, साखर कुठनंबी आण, एकच असती. मध मातूर झाडागणिक येगळा. त्याला साखरंच्या डब्यात का घालतोस?'

मला वाटतं अख्ख्या वादाचं उत्तर मामाच्या या एका वाक्यात आहे. आपण विचारतोय, 'साखरेऐवजी मध चालेल का?' प्रश्नच चुकीचा. कुठला मध, आणि कशात, हे विचारायला हवं.

यावर मी आणि माझ्या रूम पार्टनरने थोडे प्रयोग केले. (रेक्टर सर, ते प्रयोग कुठे केले हे कृपया विचारू नये.) पार्टनर भरतपूरकडचा, त्याच्या भागात मोहरीचा मध निघतो. तो घट्ट, पांढरट, तुपासारखा गोठलेला. पहिल्यांदा बघून मी म्हटलं, 'च्यायला, यात साखर घातलीय.' तो चिडला. त्याचं बरोबर होतं. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन मुख्य साखरा असतात. ग्लुकोजचं प्रमाण जास्त असेल तर मध लवकर गोठतो, मोहरीचा तसाच. फ्रुक्टोज जास्त असेल तर बराच काळ पातळ राहतो, उदाहरणार्थ काश्मीरचा अकेशियाचा मध. गोठणं म्हणजे भेसळ नव्हे. तसंच पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं, कागदावर ठेवणं, या घरगुती परीक्षांवरही फार विसंबू नका.

आता निकाल ऐका.

चहा : नापास. एक तर फ्रुक्टोजची गोडी तापमानावर ठरते. थंडात ती साखरेहून चांगलीच गोड लागते, आणि साठ अंशांच्या पुढे साखरेच्याही खाली येते. म्हणजे गरम चहात तुम्ही जास्त मध ओतणार. शिवाय जांभळाचा मध घातलेला दुधाचा चहा हा चहा राहत नाही, काढा होतो. पार्टनरने एक घोट घेतला आणि विचारलं, 'मला ताप आलाय का?'

शिरा : काठावर पास. रवा, दूध आणि मध एकत्र तापले की साखरेच्या मानाने फार लवकर तांबूस होतात, कारण मधातल्या साखरा दुधातल्या प्रथिनांशी लगेच रासायनिक क्रिया करतात. आच मंद ठेवली तर खमंग लागतो. आमच्या मेसमधल्या त्या मोठ्या कढईत आणि भट्टीवर मंद आच? काकांनाच विचारा.

कस्टर्ड : नापास, पण मजेशीर. कोमट कस्टर्डमध्ये कच्चा मध घालून रात्रभर ठेवलं. सकाळी ते पातळ! मधात डायस्टेज नावाचं विकर असतं, ते स्टार्च तोडतं. केमिकलच्या मुलांनी हे प्रॅक्टिकल म्हणून करायला हरकत नाही.

चिक्की : नापास. मध हवेतलं पाणी ओढून घेतो. चिक्की कुरकुरीत झालीच नाही, दोन दिवसांनी कागदासकट खावी लागली.

लिंबू सरबत : डिस्टिंक्शन! थंड पाणी, लिंबू, मीठ आणि जांभळाचा मध. एका ग्लासला दीड चमचा पुरला. दही, घावन, गरम थालीपीठ, टोस्ट यांवर मोहरीचा गोठलेला मध लोण्यासारखा लावला, तेव्हा अख्खी विंग आमच्या रूममध्ये आली.

म्हणजे जिथे मध उकळत नाही आणि त्याची चव समोर येते तिथे तो राजा. जिथे नुसती गोडी हवी किंवा पाकाचा ताठपणा हवा तिथे साखर किंवा गूळच खरा. आयुर्वेदात तर मध तापवू नये असंच सांगितलंय. आधुनिक भाषेत सांगायचं तर तापवल्यावर सुगंध उडतो, विकरं नष्ट होतात आणि एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. मधातल्या या एचएमएफला आंतरराष्ट्रीय मानकात किलोमागे ४० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, उष्ण प्रदेशांतल्या मधाला ८०. मध घातलेला एक कप चहा प्यायल्याने काही कुणी मरत नाही. पण फुलाच्या सुगंधाचे पैसे मोजायचे आणि तो सुगंधच वाफेवर सोडून द्यायचा, हा कुठला शहाणपणा?

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, तो पैशांचा. कमिटीकडे जे कोटेशन आलंय ते किलोला १८० रुपयांचं आहे. मामा त्याचा मध सहाशेला विकतो. नुसत्या स्वस्तपणावरून मी कुणाला भेसळखोर म्हणणार नाही. उत्तरेत मेलिफेरा माश्यांच्या पेट्या मोहरीच्या शेतात ठेवतात, उत्पन्न भरपूर येतं आणि घाऊक भाव बराच खाली असतो. पण त्या कोटेशनवर फुलाचं नाव नाही, जिल्हा नाही, महिना नाही. फक्त 'शुद्ध मध'.

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ ब्रँडच्या मधाचे २२ नमुने तपासून घेतले होते. सगळ्या चाचण्या फक्त पाच नमुने पास झाले. यातली गोम अशी : ऊस आणि मका यांच्यातला कार्बन ओळखायची चाचणी जुनी आहे, कारण या वनस्पती सी-४ गटातल्या, तर माश्या जातात ती बहुतेक फुलं सी-३ गटातली. मग भेसळ करणाऱ्यांनी तांदळाचा पाक आणला. तांदूळही सी-३! नंतर तर चाचण्या चुकवण्यासाठीच बनवलेले पाक आले. ते पकडायला एनएमआर लागतं. अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी आपल्या देशाने ही चाचणी ऑगस्ट २०२० पासून सक्तीची केली. मेसमध्ये येणारा डबा एनएमआरमधून जाऊन आलाय की नाही, हे कोण बघणार?

आणि पाकाचा मध बाजारात आला की मार कुणाला बसतो? मामासारख्यांना. पाकाच्या भावाशी ते स्पर्धा करू शकत नाहीत, मग पेट्या विकतात आणि मुंबईची गाडी धरतात. पेट्या गेल्या की फक्त मध जात नाही. कांद्याचं बी धरायला, सूर्यफूल भरायला माश्या लागतात. आपल्याच राज्यात महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' झालं. एवढं सगळं हाकेच्या अंतरावर असताना आपण नाव-गाव नसलेला डबा मागवायचा?

नुसती टीका करून पळून जाणारा मी नाही, म्हणून माझ्या सूचना :

१. चहा-शिरा-खीर साखरेवरच राहू दे. पण चहा बिनसाखरेचा उकळावा आणि साखरेचा डबा बाजूला ठेवावा. ज्याला हवी त्याने हवी तेवढी घ्यावी. आरोग्याचा एवढाच कळवळा असेल तर हा उपाय फुकट आहे.

२. आठवड्यातून एकदा नाश्त्याला थालीपीठ किंवा घावनाबरोबर खरा मध द्यावा. आपण २४० जण. माणशी १० ग्रॅम धरले तर २ किलो ४०० ग्रॅम. सहाशेच्या भावाने १४४० रुपये, म्हणजे डोक्यामागे सहा रुपये. आपण तेवढे कटिंगला घालवतो.

३. मध घेताना तीन प्रश्न विचारावेत : कुठल्या फुलाचा? कुठल्या गावचा? कुठल्या महिन्यात काढलेला? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

४. बाटलीशेजारी एक पाटी असावी : 'मध हीसुद्धा साखरच आहे.' ही पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवून देतो.

आण्णांचं सांगायचं राहिलं. ते आता पुन्हा बिनसाखरेचा चहा पितात. मामाने दिलेली जांभळाची बाटली घरी आहे. डॉक्टरांना विचारून रविवारी सकाळी भाकरीच्या तुकड्याला अर्धा चमचा, तेवढाच. परवा फोनवर म्हणाले, 'आता कुठं चव कळाय लागली बघ.'

कमिटीची बैठक शुक्रवारी आहे. नोटिशीखाली विनोद लिहिणाऱ्यांनीही यावं. पोळ्यांचा विषय आपण त्यानंतर घेऊच!

— तृतीय वर्ष, रसायन अभियांत्रिकी