पाखरांना बसू द्या

संक्रांत झाल्यावर आम्ही घरचे सगळे नांदूरमध्यमेश्वरला पाखरे बघायला गेलो होतो. आई, अण्णा, मी, मामा-मामी आणि तीन बारकी पोरे. सर्वांत धाकटा बाळ्या, चार वर्षांचा. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि उरलेल्या तिळाच्या वड्या होत्या.

तिथे गोदावरीला कादवा नदी मिळते. पुढे बंधारा आहे. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती वाढल्या. म्हणून पाखरांना तिथे भरपूर खायला मिळते. १९८६ साली सरकारने त्याचे अभयारण्य केले. २०२० साली ते रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. हा मान मिळालेली महाराष्ट्रातली ती पहिली जागा.

मनोऱ्यावरून आम्ही चमच्या बघितला. त्याची चोच खरोखर चमच्यासारखी असते. वारकरी नावाचा पक्षी अंगाने काळा आणि कपाळावर पांढरा टिळा. बाळ्या म्हणाला, "हा पंढरपूरला चाललाय का?" आम्ही खूप हसलो. लांब काठावर चक्रवाकाची जोडी निवांत बसली होती.

थोड्या वेळाने पोरांना करमेना. "पाखरं उडत का नाहीत?" असे बाळ्या रडवेला होऊन विचारू लागला. खाली उतरल्यावर मामांनी टाळ्या वाजवल्या आणि पाण्यात दगड भिरकावला. शेकडो पाखरे एकदम उडाली. पोरे नाचू लागली. मीसुद्धा हसले.

वाट दाखवायला आलेले दादा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "लडाखच्याही पलीकडून येतात ही. इथं खाऊन अंगात ताकद साठवायची आणि उन्हाळ्याआधी परत जायचं. उगाच उडवलं की तेवढी ताकद वाया जाते."

बाळ्याने विचारले, "मग आता ती कधी बसणार?" कोणीच काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी बाळ्याने अंगणातल्या चिमण्यांना खडा मारला. मी रागावले तर म्हणतो, "मामांनी नाही का मारला?"

माझे मत असे आहे. रानात पीक राखताना आपण डबा वाजवतो. तिथे आपले नुकसान होत असते. पण पाणथळीत पाखरांनी आपले काय खाल्ले? अभय म्हणजे भीती नसणे. मग तिथे जाऊन त्यांना भीती का दाखवायची? बारक्या पोरांना कंटाळा येतो हे खरे. त्यांना चोची ओळखायला लावाव्यात, पाखरे मोजायला सांगावीत. तरी नाही करमले, तर लांब नेऊन भाकरी खायला बसवावे.

मामा मोठे, त्यातून पाहुणे, म्हणून मी गप्प बसले. ते माझे चुकलेच. "मामा, दगड नको" एवढे तरी म्हणता आले असते. आपल्या शाळेची सहल तिकडे गेली तर आपण कोणी दगड उचलायचा नाही, आणि दुसऱ्याने उचलला तर गप्प बसायचे नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी